बांधावरच्या तात्यांना

तात्या, नमस्कार.

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीच्या अलीकडं, तुमच्या कुळवलेल्या रानात आमचं शिकाऊ विमान आदळलं. त्या दुपारी तुम्ही जे केलंत ते एरवी वर्गात शिकवावं लागतं, म्हणून हे आभार चारचौघांत.

तुम्ही नाकावरच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) बाजूनं धावला नाहीत, शेपटाकडून पंखाखाली आलात. दार उघडून आधी विमान चालवणाऱ्या पोराला चावी काढायला लावलीत, मग लाल मास्टर स्विच, म्हणजे विजेचा मुख्य खटका, बंद करायला. इंजिन थांबलेलं दिसलं तरी धोका असतो, कारण इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. चावी चालू राहिली किंवा आतली तार तुटली असली, तर पंख्याचं पातं हातानं जरा फिरवलं तरी इंजिन उसळतं.

डाव्या पंखातून निळं इंधन गळत होतं. ते पेट्रोलसारखंच भडकतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड, सरीत साचून राहते. तुम्ही बिड्या विझवायला लावल्यात, ट्रॅक्टर वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब थांबवलात आणि डागावर पाणी न ओतता कोरडी माती टाकलीत. ११२ वर कन्नडमध्ये, पोराशी मराठीत, दोन्हीकडं आवाज शांत.

पण सगळ्यात मोलाची तुमची साक्ष. पट्टीवरची नारिंगी पिशवी, विंडसॉक, त्या वेळी जवळजवळ लोंबत होती. वारा नाही, मग विमान पडलं कसं? तुम्ही म्हणालात, "आधी खळ्याकडचा पाचोळा गरगरला, मग विमान आलं." उन्हानं तापलेल्या उघड्या रानात अशी वावटळ काही मीटर रुंदीची उठते, पिशवी फक्त आपल्यापुरतं सांगते. वावटळीच्या एका कडेला वारा समोरून लागतो, दुसऱ्या कडेला पाठीमागून. हे विमान पाठीमागच्या कडेत शिरलं. हवेच्या तुलनेतला वेग ६५ नॉटवरून (ताशी सुमारे १२० किमी) ५० वर आला, की पंखाची उचल वेगाच्या वर्गानं घटते, म्हणजे जवळजवळ ४० टक्के गेली. जमिनीपासून ४० फुटांवर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढं रेटून ती भरून काढायला वेळ पुरत नाही. शिवाय सांबऱ्याची पट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,४९० फुटांवर. ३५ अंशांच्या उन्हात हवा ५,५०० फुटांवरच्यासारखी विरळ होते, आणि इंजिनाचा जोर तेवढाच कमी.

चाकं पहिल्यांदा टेकली त्या फुटलेल्या ढेकळांभोवती तुम्ही दगड मांडलेत, तुटका तुकडा कुणाला उचलू दिला नाहीत. विमान कुठून, किती तिरकं आलं हे तपासणाऱ्यांना त्या खुणांवरून मोजता आलं.

एक मात्र सांगतो, राग मानू नका: जखमीला पाणी पाजायला नको होतं. शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. ओठ ओले केले तरी पुरे.

आता मातीचं. त्या निळ्या इंधनात शिसं असतं. डागाच्या जागी नुसता कुळव फिरवून धूळवाफ पेरणी करू नका. डागाच्या कडेबाहेर हातभर जागा धरून, वास येईल तितकी खोल माती काढायची, ओढ्यात किंवा बांधावर टाकायची नाही. झाकणाच्या पिंपांत भरून ती आम्हीच नेतो, खड्डाही आम्हीच भरून देतो. रोहिणी लागायच्या आत येतो; कुठल्या कोपऱ्यातून गाडी आत घालायची तेवढं सांगून ठेवा.