नरक्याच्या सालीविषयी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, थोरल्या काकांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर काढा करण्यासाठी तुम्ही राधानगरीकडून नरक्या या झाडाची साल मागवली आहे आणि काढा किती द्यावा असे मला विचारलेत. फोनवर हे नीट सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून लिहिते आहे. काढा अजिबात देऊ नका. शिवाजी विद्यापीठातून बाहेर पडल्यापासून मी ज्या कामात आहे, ते बरेचसे याच झाडाभोवतीचे आहे; त्यामुळे कारणही मीच सांगायला हवे.

झाडात औषधी द्रव्य आहे, हे तुम्ही ऐकलेत ते खरे आहे. कॅम्प्टोथेसिन हे त्याचे नाव. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळे केले. वाणी मूळचे नंदुरबारचे, याचा मला फार अभिमान वाटतो. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात दाखवले.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही वाळवलेल्या पानांची भुकटी द्रावकात भिजवतो, गाळतो आणि द्रावक उडवून लावतो. तळाशी काळपट हिरवा चिकट अर्क उरतो, त्यात शेकडो पदार्थ एकत्र असतात. सिलिका भरलेल्या काचेच्या नळीतून ते एकेक करून वेगळे काढावे लागतात. कॅम्प्टोथेसिन कुठे आहे ते अतिनील दिव्याखाली कळते, कारण त्याचा ठिपका निळा चमकतो. एका झाडात ते जितके निघते तितके शेजारच्या झाडात निघेलच असे नाही. पानात, खोडात आणि मुळात त्याचे प्रमाण निराळे असते. शिवाय ते पाण्यात जेमतेम विरघळते. मग एक वाटी काढ्यातून काकांच्या पोटात नेमके किती जाईल, हे कोण सांगणार?

आणि ते जहाल आहे. पाण्यात विरघळावे म्हणून त्याचा सोडियम क्षार करून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांवर चाचण्या झाल्या, तेव्हा रक्तपेशी घटल्या, तीव्र जुलाब झाले आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. त्या क्षारात रेणूतले एक वलय उघडलेले असते, म्हणून त्याचा गुण कमी होतो. आम्लधर्मी लघवीत ते वलय पुन्हा मिटते आणि द्रव्य नको तिथे जागे होते. चाचण्या थांबवाव्या लागल्या. ते पेशीत नेमके काय करते हे १९८५ मध्ये उलगडले. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते, तेव्हा त्याला दोराला पडावा तसा पीळ पडतो. तो सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे विकर त्याचा एक धागा क्षणभर तोडून परत जोडते. कॅम्प्टोथेसिन ही जोडणी अडवते. भराभर वाढणाऱ्या पेशी त्याने मरतात, पण त्यांत कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेच्या आणि आतड्याच्या अस्तराच्याही पेशी असतात.

या ज्ञानावर रसायनतज्ज्ञांनी रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे घडवली, आणि १९९६ मध्ये अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली. शोधापासून औषधापर्यंत तीस वर्षे गेली. "इतकी वर्षे काम करून तुझे औषध कुठे आहे?" असे आई मला विचारते, तेव्हा माझ्या मनात हीच तीस वर्षे असतात. इरिनोटेकान मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात, म्हणजे काकांच्याच आजारावर. ते त्यांना चालू आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. चालू असेल तर त्यावर हा काढा म्हणजे त्याच जातीचे विष दुसऱ्यांदा, तेही बेहिशेबी.

सालीचे आणखी एक दुखणे आहे. साल आणि लाकूड यांच्यासाठी नरक्याची चोरटी तोड होते आणि झाड जिवानिशी जाते. म्हणून माझा सारा भर पानांवर आहे; पाने खुडली तर झाड पुन्हा फुटते. पानांत द्रव्य कमी असते, त्यामुळे काम वाढते, पण मला तोच मार्ग योग्य वाटतो.

साल घरात असेल तर स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. काकांनी थोडा जरी काढा घेतला असेल, तर न लपवता लगेच डॉक्टरांना सांगा आणि रक्ततपासणी करून घ्या. मी शनिवारी कोल्हापूरला येते आहे. काकांच्या रिपोर्टांची फाईल तयार ठेवा, आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ. काकूंना हे पत्र वाचून दाखवा.

तुमची,
वैशाली