गवत कापायचं मशीन घेण्याआधी

ती. बाबांना,
सा. न.

दादाने पाठवलेले फोटो मिळाले. दांड्याच्या टोकाला फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीने गवत कापणारी चार मशीनं (यांनाच ट्रिमर म्हणतात), प्रत्येकाखाली कुठे सीसी, कुठे व्होल्ट, आणि शेवटी त्याचा प्रश्न, "यातलं टिकाऊ कोणतं?" फोनवर सांगायला घेतलं असतं तर निम्मं त्याने ऐकलं असतं, निम्मं आईने, आणि तुम्ही लांबून "काय म्हणतेय ती?" असं विचारत बसला असतात. म्हणून सविस्तर लिहितेय. वाचून झालं की त्याच्याही हातात द्या.

मला बघायचा होता तो फोटो त्यात एकही नाही. सगळे वरून काढलेले. इंजिन दिसतं, बॅटरी दिसते, मूठ दिसते. खालचं टोक, जिथे दोरीचं रीळ बसतं, ते एक तर गवतात लपलेलं नाहीतर खोक्यात. आणि ही मशीनं रुसतात ती नेमकी तिथे. मोटर जळाली म्हणून ट्रिमर अडगळीत गेला, असं मी फारसं पाहिलेलं नाही. रीळ अडकतं, दोरी बाहेर येत नाही, जरा कापलं की मशीन उलटं करून झाकण उघडा, असं चालतं आणि एक दिवस माणूस वैतागून ते भिंतीला टेकवतो नि पुन्हा विळा उचलतो. तेव्हा टिकाऊपणा बघायचा तर बुडापासून बघायला लागा.

मुळात शोध लागला तोही या बुडाचाच. १९७१ साली ह्यूस्टनमध्ये जॉर्ज बॅलस नावाच्या गृहस्थाने गाड्या धुणारे गोल फिरणारे ब्रश पाहिले. गाडीच्या रंगाला धक्का न लावता ते मळ काढतात, तर झाडाच्या सालीला धक्का न लावता बुंध्याभोवतीचं गवत असंच का काढता येऊ नये, असं त्याच्या डोक्यात आलं. पॉपकॉर्नच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यांत मासेमारीचा तंगूस ओवला आणि तो डबा कडा कापायच्या मशीनला जोडून फिरवला. हा माणूस नृत्याचे वर्ग चालवायचा, बरं का! फिरवणारं यंत्र आधीपासून होतंच. नवीन काय होतं, तर ते डबडं आणि त्यातला तंगूस. दादाला सीसी मोजण्याआधी हे सांगा.

आता दोरी बाहेर कशी येते ते पाहू. बहुतेक मशीनांत चालू असताना डोकं, म्हणजे ते रिळाचं खालचं टोक, जमिनीवर हलकेच टेकवलं की खालची कळ आत जाते, रीळ थोडं सुटतं आणि फिरण्याच्या जोराने दोरी थोडी पुढे येते. मला हीच पद्धत आवडते, कारण किती दोरी सोडायची ते आपल्या हातात राहतं. हलक्या बॅटरीवाल्या बऱ्याच मशीनांत दोरी आपोआप सुटते. ऐकायला छान वाटतं, पण त्यांतल्या कित्येकांत खटका सोडून पुन्हा दाबला की दर वेळी थोडी सुटते. तुम्ही दोन पावलं चालता, थांबता, दगड उचलून बाजूला ठेवता, पुन्हा सुरू करता. कापण्यापेक्षा जास्त दोरी वायाच जायची. तिसऱ्या प्रकारात रीळच नसतं, दोरीचे तुकडे हाताने ओवायचे. त्यात बिघडण्यासारखं काही नाही हे खरं, पण तुकडा झिजला की दर वेळी काम थांबवून वाकायचं. तुमच्या कमरेचा विचार केला तर ते नकोच.

दुकानात दादाने "चालू करून दाखवा" म्हणायच्या ऐवजी "डोकं उघडून दाखवा" म्हणावं. दोन बाजूंच्या चापा दाबल्या की झाकण निघतं. आत एक स्प्रिंग असते. ती टुणकन उडते आणि गवतात पडली तर सापडत नाही, म्हणून उघडताना वर हात धरायचा. खाली रीळ, त्यावर दोरी कुठल्या दिशेने गुंडाळायची त्याचा बाण. मग दोरी बाहेर पडते ती दोन भोकं बघा. त्यांना धातूची कडी बसवलेली असेल तर उत्तम. नुसतं प्लास्टिक असेल तर दोरी घासून तिथे खाच पडते आणि त्या खाचेत दोरी तुटते. झाकणाच्या चापा बोटाने दाबून पाहा. पातळ आणि लवचीक वाटल्या तर जपून, कारण जमिनीवर आपटायचं ते हेच झाकण.

काही डोकी न उघडताच भरता येतात. दोरी एका भोकातून घालून दुसऱ्यातून काढायची, दोन्ही बाजू सारख्या करायच्या आणि खालची चकती फिरवली की दोरी आत गुंडाळली जाते. तुमच्या बोटांना आता बारीक खटपट नको वाटते, त्यामुळे मी याच प्रकाराचा आग्रह धरेन. मशीन थोडं कमी ताकदीचं मिळालं तरी चालेल.

दोरी नायलॉनची असते आणि नायलॉन हवेतला ओलावा शोषतं, त्यावरच त्याचा चिवटपणा टिकतो. कोरड्या, गरम जागी दोरी वर्षभर पडून राहिली की ठिसूळ होते आणि भोकापाशीच कटाकट तुटायला लागते. लोक मशीनला दोष देतात. रात्रभर बादलीत भिजत ठेवा, पुष्कळदा ती पुन्हा नरम येते. दुसरी अडचण म्हणजे वेटोळी एकमेकांवर चढली की घासून तापतात आणि एकमेकांना चिकटतात, अगदी वितळून जोडल्यासारखी. मग कितीही आपटा, दोरी येत नाही. ओळीने शेजारी शेजारी, ताणून गुंडाळायची आणि रीळ काठोकाठ भरायचं नाही.

जाडीबद्दल दादाचा गैरसमज होईल म्हणून आधीच लिहिते. दोरी १.६५, २, २.४, २.७ मिलिमीटर अशा जाडीत मिळते. मशीनच्या पुस्तकात जी लिहिली आहे तीच घालायची. जाड दोरी म्हणजे मजबूत काम, असं नाही. जाड दोरीला हवेचाच विरोध जास्त होतो, छोटी मोटर मंदावते आणि तापते. कापण्याचं काम मुख्यतः वेगावर चालतं, वजनावर नाही. गोल दोरी टिकते. चौकोनी किंवा चांदणीच्या आकाराची सफाईने कापते पण लवकर झिजते. पीळ घातलेली जरा कमी शिट्टी मारते. घरासाठी गोल पुरे.

दादाचा ओढा पेट्रोलकडे दिसतो. पुरुषभर वाढलेलं रान, मोठा आवार, रोजचं काम असेल तर मीही पेट्रोलच म्हटलं असतं. पण आपल्याकडे काय, भिंतीची कड, फरशांच्या फटी, कुंपणाखालचा पट्टा. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, पन्नासाला एक म्हणजे लिटरला २० मिलि, चाळिसाला एक असेल तर २५. हे काही अवघड नाही. खरी पीडा पडून राहिलेल्या पेट्रोलची. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं, महिना-दोन महिने टाकीत राहिलं की खराब होतं आणि कार्बोरेटरच्या सुईसारख्या वाटांत चिकटा धरतो. माझ्या इथल्या शेजाऱ्यांचं थंडी संपली की ठरलेलं दृश्य. इंजिन सुरू करायची दोरी ओढतात, चोक लावतात, चोक काढतात, पुन्हा ओढतात, आणि शेवटी मशीनशी बोलायला लागतात. हंगाम संपताना टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवलं तर हे टळतं. ते तुम्ही कराल. दादा करेल असं मला वाटत नाही, आणि हे त्याला वाचून दाखवलंत तरी चालेल.

बॅटरीवाल्यांत व्होल्टच्या आकड्याने फसू नका. एकावर १८ आणि दुसऱ्यावर २० लिहिलेलं असलं तरी आत बहुधा पाचच लिथियमचे सेल असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी सुमारे ४ व्होल्ट धरले की २०, काम करतानाचे ३.६ धरले की १८. किती वेळ चालेल ते बघायचं तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर. तेच ४ चं असेल तर ७२. ३६ व्होल्टचं ४ अँपिअर-अवर म्हणजे १४४. इतकी आपल्याला गरज नाही. मोटर ब्रशलेस असेल तर घ्या, आत झिजणारे कार्बन नसतात आणि त्याच बॅटरीत जास्त वेळ काम होतं. बॅटरीला उन्हाचं वावडं. वापरून गरम झालेली लगेच चार्जिंगला लावायची नाही, आणि बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्मी भरलेली, सावलीत ठेवायची. घेण्याआधी हीच बॅटरी सुटी मिळते का, ते विचारा. कधी ना कधी ती बदलावीच लागते, आणि न मिळाली तर हातात उरतो नुसता दांडा.

वायरवालंही वाईट नाही. हलकं, चार्जिंगची कटकट नाही. फक्त वायर जाड हवी, गवत ओलं असताना वापरायचं नाही आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच त्या प्लगमागे असायलाच हवा. आपल्या कुंपणापर्यंत वायर ओढत न्यायची म्हणजे मध्ये गुलाबाची झाडं येतात, म्हणून मी ते बाजूला ठेवलं.

वजन मात्र कागदावर बघू नका, हातात घेऊन बघा. बॅटरीवालं साधारण अडीच ते साडेतीन किलो, पेट्रोलवालं टाकी भरून साडेचार ते सहा. काम करताना धरतात तसं, दोन्ही हातांनी, डोकं जमिनीपासून चार बोटं वर ठेवून दुकानातच पाच मिनिटं उभे राहा. लाज वाटायचं कारण नाही. आईलाही धरू द्या, कारण तुम्ही नसताना ते तीच चालवणार हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि तिचा खांदा अजून दुखतो. पाठ वाकत असेल तर दांडा आखूड आहे. तुमच्या उंचीला सरळ दांड्याचंच लागेल. वाकड्या दांड्याचं हलकं आणि वळवायला सोपं असतं, पण झुडपाखाली पोचत नाही. दांड्याची लांबी आणि पुढची मूठ कमी-जास्त करता येत असेल तर तुम्हा दोघांचंही भागेल.

दोरी दिसते मऊ, पण हिशेब करून बघा. ३० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, मिनिटाला ८,००० फेरे, म्हणजे दोरीचं टोक ताशी सुमारे ४५० किलोमीटर वेगाने फिरतं. त्यात खडा सापडला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून डोळ्यांवर चष्मा, तोही वाचायचा नव्हे, बाजूनेही झाकणारा. फुल पँट आणि बंद बूट हवेत, आणि पोरं १५ मीटरच्या आत नकोत. मशीनच्या डोक्यामागचं प्लास्टिकचं आवरण अडचण वाटली तरी काढायचं नाही. त्याच्या कडेला छोटं पातं असतं, तेच दोरी मापात छाटतं. ते गेलं की दोरी लांब होते आणि मोटरवर भार येतो. दोरी संपली म्हणून तार लावणारे महाभाग असतात. तारेचा तुकडा तुटला तर गोळीसारखा सुटतो. दादा घरगुती उपाय शोधण्यात हुशार आहे, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आणि बाबा, तुम्ही लावलेल्या कोवळ्या झाडांपाशी हे मशीन नेऊच नका. ज्या सालीला जपायला हे निघालं, तिचाच ते घात करतं. कोवळी साल पातळ असते, दोरी एकदा लागली की ओला पांढुरका पट्टा उघडा पडतो. सालीखालूनच पानांनी केलेलं अन्न मुळांकडे उतरतं. दर वेळी थोडं थोडं लागत बुंध्याभोवती कडं पूर्ण झालं की झाड वाळतं, आणि पाणी कमी पडलं असं आपल्याला वाटत राहतं. बुंध्याभोवती हातभर गोल मोकळा ठेवून त्यात पालापाचोळा पसरा, म्हणजे तिथे कापायची वेळच येणार नाही.

हमीचा कागद वाचताना मशीनची किती आणि बॅटरीची किती, हे वेगळं पाहा; बहुतेक ठिकाणी दोन्ही सारखी नसते. दोरी, रीळ, झाकण यांना सहसा हमी नसतेच. म्हणून मशीन घ्याल त्याच दिवशी जास्तीचं एक रीळ, एक झाकण आणि एक स्प्रिंग घेऊन ठेवा. ते सुटे भाग त्यांच्याकडे नसतील, "मागवून देतो" म्हणाले, तर मशीन कितीही चांगलं असो, दुसरीकडे बघा.

दादाच्या चार फोटोंतलं दुसरं मला त्यातल्या त्यात बरं वाटतंय. बॅटरीवालं, सरळ दांडा, ३० सेंटिमीटर, २ मिलिमीटरची दोरी. पण डोकं बाहेरून भरता येतं की नाही, ते फोटोवरून कळत नाही. त्याला पुन्हा जायला सांगा आणि या वेळी मशीन उलटं करून, झाकण काढून फोटो पाठवायला सांगा. तोपर्यंत कोणी काही घेऊ नका.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना खूप खूप लाड.

तुमची,
धाकटी