माहितीपत्रकातले ६१० किलो आणि काट्यावरचे ७१० किलो

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कडक भिंतींच्या फोल्डिंग कॅम्पर ट्रेलरचे छापील वजन आणि प्रत्यक्ष वजन यांतली तफावत, तसेच त्यावर तुमच्याकडून मिळालेला धोकादायक सल्ला

महोदय,

तुमच्या कंपनीचा त्रिकोणी छताचा छोटा फोल्डिंग ट्रेलर आम्ही घेतला आहे. माहितीपत्रकात त्याचे वजन ६१० किलो छापले आहे. डीलरकडून ताब्यात आला तसाच, आत एक चमचाही न ठेवता आणि पाण्याची टाकी रिकामी ठेवून, आम्ही तो वजनकाट्यावर नेला. गाडीपासून सोडवून, पुढच्या छोट्या चाकासकट एकटाच काट्यावर उभा केला. काट्याने ७१० किलो दाखवले. ट्रेलरच्या पाटीवर भरलेल्या अवस्थेतले कमाल वजन ७५० किलो लिहिलेले आहे. म्हणजे आमच्या सामानासाठी उरले ४० किलो. ट्रेलरला तुम्हीच बसवलेली पाण्याची टाकी ४० लिटरची आहे. ती भरली की मर्यादा संपली. मग अंथरूण, भांडी, कपडे, खुर्च्या, यांतले काहीही न्यायचे म्हटले तर ट्रेलर रस्त्यावर मर्यादेबाहेर जातो.

याबद्दल मी तुमच्या विभागाशी फोनवर बोलले, ईमेलही केले. आलेल्या उत्तरांनी प्रश्न सुटला नाहीच, उलट एका उत्तराने मला खरोखर काळजीत टाकले. म्हणून आता सगळे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही हा ट्रेलर घाईने निवडलेला नाही. कापडी भिंतींचा फोल्डिंग ट्रेलर हलका असतो, हे आम्हाला माहीत होते. पण पावसात भिजलेले कापड तसेच गुंडाळून आणावे लागते, घरी आल्यावर पुन्हा उघडून वाळवावे लागते, नाहीतर बुरशी धरते. रात्री वारा सुटला की कापड फडफडते आणि आत थंडी शिरते. पूर्ण उंचीचा पक्का कॅरव्हॅन घ्यावा तर तो वारा अडवतो, मागचे काही दिसू देत नाही आणि ठेवायला मोठी जागा मागतो. या दोन्हींच्या मधला हा प्रकार आम्हाला पटला होता, आजही पटतो. भिंती आणि छत पॅनेलचे, पॅनेलच्या आत थर्माकोलचा थर, दाराला कुलूप, आणि मिटवल्यावर उंची इतकी कमी की आरशातून त्याच्या वरून मागचा रस्ता दिसतो. छोट्या गाडीमागे ओढण्यासाठी याहून समजूतदार रचना मला तरी माहीत नाही. म्हणूनच या तक्रारीचे मला जास्त वाईट वाटते. जो माणूस छोटी गाडी आहे म्हणून असा ट्रेलर निवडतो, त्याची सगळी निवड वजनाच्या एका आकड्यावर उभी असते. पलंग, ओटा, खिडक्या हे सगळे नंतर येते. आधी तो पाहतो, की माझी गाडी हे ओढू शकेल का. तोच आकडा तुम्ही चुकीचा दिलात.

खरेदीआधी आम्ही तुमच्या अधिकृत डीलरला लेखी विचारले होते, की दोन माणसांचे सामान आणि भरलेली पाण्याची टाकी धरून हा ट्रेलर ७५० किलोत बसेल का. त्याचे लेखी उत्तर आले, ‘आरामात बसेल, १४० किलोची मुभा आहे.’ त्या ईमेलची प्रत आणि काट्याची पावती या पत्रासोबत जोडली आहे.

हे वरचे १०० किलो आले कुठून, तेही आम्ही शोधले. माहितीपत्रकातले ६१० किलो म्हणजे नुसता सांगाडा, भिंती, पलंग आणि ओटा. त्यात बॅटरी धरलेली नाही. लेड ॲसिडची ही बॅटरी सुमारे २२ किलोची आहे. स्टेपनी नाही, ती १८ किलो. भरलेला गॅस सिलिंडर नाही, तो १५ किलो. फ्रिज, बाजूचे गुंडाळायचे छप्पर आणि छतावरचे सोलर पॅनेल मिळून आणखी ४५ किलो. यांतली एकही वस्तू आम्ही बाहेरून आणून लावलेली नाही. सगळ्या तुमच्या यादीतून निवडल्या आणि तुमच्याच पावतीवर आहेत. बॅटरी आणि स्टेपनी तर पर्यायी म्हणूनही दिलेल्या नाहीत, त्या प्रत्येक ट्रेलरसोबत येतात. जी वस्तू प्रत्येक ट्रेलरवर लावूनच विकली जाते, ती वजनातून वगळायचे कारण काय?

तुमचे पहिले उत्तर असे होते, की रिकामे वजन सगळेच उत्पादक असेच देतात. तशी पद्धत असेल, पण त्या पद्धतीचा परिणाम पक्क्या कॅरव्हॅनच्या ग्राहकावर वेगळा आणि आमच्यावर वेगळा होतो. दीड टनाच्या कॅरव्हॅनमध्ये १०० किलोचा फरक पडला तरी माणूस थोडे सामान कमी करतो आणि निघतो. आमच्या ट्रेलरमध्ये सामानासाठी छापील मुभाच १४० किलोची होती, त्यातले १०० किलो गेल्यावर उरले काय? ट्रेलर जितका लहान, तितकी ही चूक मोठी. आणि दुसरीकडे याहून बरी पद्धत रूढ आहेच. अमेरिकेत अशा प्रवासी ट्रेलरवर, सामानाचे वजन अमुक किलोपेक्षा कधीही जास्त होऊ नये, असे लेबल लावूनच तो विकावा लागतो. पाण्याची टाकी भरली तर त्या पाण्याचे किती किलो सामानात धरायचे, हेही त्यावर लिहिलेले असते. डीलरने ठरावीक मर्यादेपलीकडे भर घातली तर लेबलवरचा आकडा बदलावा लागतो. तुम्हाला असे लेबल लावायला अवघड काय आहे?

आता तुमच्या दुसऱ्या उत्तराविषयी. माझ्या मते या पत्रातला सर्वांत गंभीर भाग हाच आहे.

आमच्या गाडीच्या पुस्तिकेत टो बॉलवरच्या, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावरच्या, भाराची मर्यादा ७५ किलो आहे. तुमच्या माहितीपत्रकात हा भार ५० किलो दिला आहे. पण बॅटरी आणि गॅस सिलिंडर तुम्ही पुढच्या दांड्यावरच्या पेटीत ठेवले आहेत, म्हणजे ॲक्सलपासून (चाकांच्या आसापासून) जवळजवळ सर्वांत लांब. सपाट जमिनीवर, ट्रेलर आडवा समतल ठेवून, जोडणीच्या तोंडाखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली वजनाचा काटा ठेवून मोजले, तर ८८ किलो भरले. गाडीची मागची बाजू खाली दबते, पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि स्टिअरिंग सैल लागते. हे मी कळवल्यावर तुमच्या प्रतिनिधीने लिहिले, की जड सामान मागच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पुढचा भार कमी होईल.

आकडा कमी होईल, हे खरे. पण ट्रेलर ओढणाऱ्याला शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या गोष्टींपैकी एक ही आहे, की जड वस्तू ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, आणि खाली, जमिनीलगत ठेवावी. टो बॉलवरचा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असे अमेरिकेत सांगतात. युरोपात हे प्रमाण कमी, साधारण ५ ते ७ टक्के धरतात. प्रमाण काहीही धरले तरी पुढच्या टोकाला बॅटरी आणि सिलिंडर, मागच्या टोकाला जड सामान, आणि मधोमध ॲक्सल, अशी मांडणी कोणीच सुचवत नाही. दोन्ही टोकांना वजन असले की ट्रेलर एकदा डुलायला लागल्यावर लवकर थांबत नाही. शेजारून मोठा ट्रक वेगाने गेला, किंवा उतारावर वेग वाढला, की तो हेलकावे खायला लागतो आणि गाडीची मागची बाजू आपल्यासोबत ओढतो. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला हे हेलकावे आवरायला चालकाकडे वेग हळूहळू कमी करण्यापलीकडे फारसे काही नसते. असा सल्ला ग्राहकाला लेखी देणारा माणूस तुमच्याकडे आहे. त्याच्या सल्ल्यावर विश्वास ठेवून निघालेले आणखी किती जण रस्त्यावर असतील, याची मला काळजी वाटते.

ब्रेकचा उल्लेख निघालाच आहे, तर तेही सांगते. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालते, त्यामुळे छोट्या ट्रेलरच्या बनावटीत या आकड्याला मोठे महत्त्व आले आहे, हे मी समजू शकते. पण तुमच्याच यादीत हाच ट्रेलर ब्रेकच्या ॲक्सलवर, १००० किलोच्या मर्यादेचा मिळतो. आमची गाडी ब्रेक असलेला तेवढा ट्रेलर ओढू शकते, हे आम्ही डीलरला पहिल्या भेटीतच सांगितले होते. खरे वजन समोर असते तर आम्ही तोच घेतला असता. तो पर्याय माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, रंगांच्या नमुन्यांखाली छापला आहे, आणि तो ‘खडबडीत रस्त्यांसाठी’ असल्याचे लिहिले आहे. त्याची गरज सर्वसाधारण सामान घेऊन जाणाऱ्यालाही पडते, हे कुठेच नाही.

छताबद्दलही एक तक्रार आहे. छताच्या दोन उतरत्या बाजू एकेक करून वर ढकलून उभ्या कराव्या लागतात. एकटा माणूस छत सहज उभे करू शकतो, असे तुम्ही म्हणता. सोलर पॅनेल नसलेल्या बाजूबाबत ते खरे आहे. पॅनेल असलेल्या बाजूवर सुमारे ११ किलोची भर पडली आहे, पण तिला वर ढकलणारे गॅस स्ट्रट, म्हणजे दाबलेल्या वायूच्या जोरावर चालणारे दांडे, मात्र साध्या छताचेच आहेत. शिवाय स्ट्रटमधल्या वायूचा जोर थंडीत कमी होतो. २० अंशांवरून उणे १० अंशांवर आले की त्याचा दाब साधारण १० टक्क्यांनी उतरतो. थंड सकाळी ती बाजू अर्ध्यावर येऊन थबकते आणि हात काढला की खाली यायला लागते. दोन्हीकडचे त्रिकोणी तुकडे उभे करून खटके लावेपर्यंत त्या छताला दुसरा आधार नसतो, आणि ते लावायला आत वाकून जावे लागते. ते पडले तर डोक्यावर किंवा बोटांवर पडेल. तुमचे उत्तर होते, ‘बिजागरीला ग्रीस लावा.’ बिजागऱ्या उत्तम फिरतात, कमी पडतो आहे तो स्ट्रटचा जोर.

बाकी कामाबद्दल मला तक्रार नाही. शेंड्यावरची रबरी पट्टी मुसळधार पावसातही गळली नाही, पॅनेलचे सांधे घट्ट आहेत, आत ऊब टिकते. ताठ उभे राहता येते ते फक्त मधल्या पट्ट्यात, पण या आकाराच्या छतात तसेच होणार, हे पाहूनच आम्ही घेतला होता.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. आमच्या ट्रेलरच्या अनुक्रमांकासह, त्यावर बसवलेल्या सर्व वस्तू धरून, प्रत्यक्ष मोजलेल्या वजनाचा दाखला द्यावा. तुमच्या खर्चाने त्याला ब्रेकचा ॲक्सल, त्याला लागणारी जोडणी आणि १००० किलोची अधिकृत पाटी बसवून द्यावी, आणि बॅटरी पुढच्या दांड्यावरून काढून ॲक्सलजवळ न्यावी, म्हणजे टो बॉलवरचा भार गाडीच्या मर्यादेत येईल. हा बदल या सांगाड्यावर करता येत नसेल तर ट्रेलर परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. वापराची वजावट आम्ही मान्य करणार नाही, कारण मर्यादेत राहून तो वापरताच येत नाही. ट्रेलर आमच्याकडेच राहणार असेल तर सोलर पॅनेलच्या बाजूचे स्ट्रट त्या वजनाला साजेसे बसवून द्यावेत.

मागच्या कप्प्यात जड सामान ठेवण्याचा सल्ला मात्र आमचे काय ठरते याची वाट न पाहता आजच मागे घ्यावा, आणि ज्यांना ज्यांना तो दिला असेल त्या सर्वांना लेखी कळवावे. माहितीपत्रकात बॅटरी, स्टेपनी आणि भरलेला सिलिंडर धरून वजन छापावे, प्रत्येक पर्यायी वस्तूपुढे तिचे किलो लिहावेत, आणि ‘पाणी भरल्यावर सामानासाठी उरलेले वजन’ असा स्वतंत्र आकडा द्यावा.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. तोवर ट्रेलर आम्ही रस्त्यावर आणणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास काट्याची पावती, डीलरचे ईमेल आणि तुमच्या प्रतिनिधीचे उत्तर घेऊन मी ग्राहक संरक्षण आणि वाहन सुरक्षा या दोन्ही यंत्रणांकडे तक्रार दाखल करेन.

कळावे,
आपली ग्राहक