ब्राउन्सी बेटाच्या नाटिकेबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, स्काऊट-गाईडच्या चिंतन दिनासाठी लिहिलेला नाटिकेचा मसुदा वाचला. भाषा सुरेख आहे. पण स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचा जन्म, दक्षिण आफ्रिकेतला माफेकिंगचा वेढा, १९५० मधली 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स'ची स्थापना, हे सगळं आठ मिनिटांत कोंबलं की कबच्या, म्हणजे स्काऊटमधल्या लहान गटाच्या, मुलांच्या वाट्याला नुसती पाठांतरं येतात. एकच प्रसंग घ्या: ऑगस्ट १९०७, इंग्लंडमधलं ब्राउन्सी बेट, पहिलं प्रायोगिक शिबिर. वीसेक मुलं, चार संघ. आपले कब चोवीस. वीस शिबिरार्थी, एक बेडन-पॉवेल, दोन निवेदक, एक सामान सांभाळणारा. कुणीच उरत नाही.

ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली आणि कामकरी घरांतली मुलं तिथे एकाच संघात राहिली, आणि मला तर त्या शिबिरातलं हेच सर्वांत मोठं वाटतं. पण ते संवादातून सांगू नका. सुरुवातीला दहा मुलं टोपी घालून डावीकडे, दहा बिनटोपीची उजवीकडे. बेडन-पॉवेल दोन्हीकडून एकेकाला बोलावून खांद्यावर रंगीत गाठ लावतील. टोपी काढून टोपलीत टाकायची आणि आपल्या रंगाच्या संघात जायचं. गरिबी दाखवायला फाटके कपडे मात्र नकोत. मुलं हसतात आणि प्रसंगच जातो.

आई, गाठी तुझ्याकडे. संघांची नावं प्राणी-पक्ष्यांची: लांडग्यांना निळी, बैलांना हिरवी, कर्ल्यू पक्ष्यांना पिवळी, डोमकावळ्यांना लाल लोकर. तिथेही हेच रंग होते. तीस सेंटिमीटरचे सहा-सहा धागे घे, मधोमध घट्ट बांध, टोकं सुटी ठेव. पीन शर्टातच अडकव. स्कार्फही त्यात आला तर मूल वळलं की गळा ओढला जातो.

तंबूला एक डबल चादर आणि चार मीटर दोरी पुरे. मुलांच्या हातात दोरी दिली तर मिनिटभरात हात खाली येतात. दोन खुर्च्यांच्या पाठींना बांधा, पण खुर्च्या आत ओढल्या जातात, म्हणून दोन्हींवर एकेक दणकट मूल बसवा. शेकोटीला खरा जाळ नको: काटक्यांखाली टॉर्च, वर नारिंगी जिलेटीन पेपर.

बेडन-पॉवेल कुडू हरणाचं पीळदार शिंग फुंकून मुलांना उठवत. ते पुठ्ठ्याचं करा आणि आवाज म्हणून बाबा, तुम्ही पडद्यामागून शंख वाजवा. मोबाइलवरचा आवाज ब्लूटूथमुळे मागे पडतो. मूल शिंग तोंडाला लावेल, मनात एक-दोन म्हणा, मगच फुंका.

बोलतील फक्त निवेदक, आलटूनपालटून, एका वेळी दोनच वाक्यं, तीही स्टँडच्या माइकसमोर. दादरच्या त्या हॉलमध्ये पंखे आणि लोकलचा आवाज मिळून मुलांचं बोलणं तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. पहिली तालीम पूर्ण मुकी घ्या. प्रत्येकाच्या जागेवर खडूची फुली करा, नाहीतर सगळी एकमेकांकडे तोंड करून गोल उभी राहतात आणि प्रेक्षकांना पाठीच दिसतात. शेवटची तालीम त्याच हॉलमध्ये, पंखे लावून. बाहेर जाताना चारही संघ एकाच दारात अडकतात. निळे आणि हिरवे डावीकडून, पिवळे आणि लाल उजवीकडून काढा.

आई, पिना वीस नको, तीस आण. पडतातच.

तुमची लेक