वरचा पंख शेवटी बसवा

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत प्लास्टिकच्या स्केल मॉडेलांवर आलेला लेख वाचला. ‘आधी विमान पूर्ण जोडा, मग रंगवा’ हा त्यातला सल्ला जेट विमानाला बहुतांशी चालतो. पहिल्या महायुद्धातल्या दुपंखी, म्हणजे एकावर एक असे दोन पंख असलेल्या, विमानाला तो लावला तर चांगले किट वाया जाते, म्हणून हे पत्र.

१/४८ प्रमाणातले सॉपविथ कॅमल हे त्या काळचे ब्रिटिश लढाऊ विमान घ्या. पंखविस्तार जेमतेम १७८ मि.मी. वरचा पंख एकदा चिकटला की मधल्या जागेत ना ब्रश नीट फिरत, ना डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे चिन्हांचे चित्र) सरळ बसत. म्हणून धड, खालचा पंख आणि शेपटी जोडायची. वरचा पंख सुटाच रंगवायचा. दोन्हींवर डेकल लावून वॉर्निशचा हात द्यायचा. रिगिंगची, म्हणजे पंखांमधल्या ताणाच्या तारा दाखवणाऱ्या दोऱ्यांची, भोकेही याच वेळी पाडून घ्यावीत, ०.३ मि.मी.च्या ड्रिलने, साधारण मिलिमीटरभर खोल आणि तार जिकडे जाणार त्या दिशेने तिरकी. पंख बसल्यावर ड्रिल आत शिरतच नाही.

वरचा पंख वाकडा बसण्याचे मुख्य कारण म्हणजे स्ट्रटच्या (दोन पंखांमधल्या खांबाच्या) खाचेत राहिलेला रंग. प्लास्टिक सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधा करते; मध्ये रंगाचा थर असेल तर सांधा त्या रंगालाच धरतो आणि दोऱ्याला ताण पडताच उखडतो. खाच आणि स्ट्रटचे टोक, दोन्ही खरवडून घ्या. इथे सुपरग्लूची घाई नको, कोन जुळवायला चार-पाच मिनिटे हाताशी हवीत. समोरून दिसणाऱ्या आराखड्याप्रमाणे जाड पुठ्ठा कापून त्याचा आधार द्यावा. कॅमलचा खालचा पंख टोकांकडे वर उचललेला आणि वरचा मात्र सपाट असतो. दोन्ही समांतर केले की विमानाची ओळखच जाते.

रिगिंगला नवख्याने ताणला जाणारा इलॅस्टिक दोरा वापरावा. नायलॉनचा दोरा जास्त ओढला तर पंख पिळवटतो आणि समोरची तार सैल पडते. दोऱ्याचे एक टोक सुपरग्लूच्या टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबाने बसवा, पूर्ण वाळू द्या, मगच दुसरे टोक किंचित ताणून भोकात घाला. थेंब मोठा झाला तर त्याच्या वाफेने आजूबाजूच्या रंगावर पांढुरकी झाक येते. आतल्या तारा आधी, बाहेरच्या नंतर.

मॉडेलशेजारी ठेवायच्या माणसांच्या आकृत्यांबद्दल लेखात एकच ओळ होती. खरे तर विमान केवढे लहान होते हे शेजारी माणूस उभा केल्याशिवाय कळतच नाही. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १/४८ मध्ये साडेछत्तीस मि.मी. भरतो, पट्टी लावून पाहा, पुष्कळ आकृत्या थोराड निघतात. बसलेला वैमानिक वरच्या पंखाआधी कॉकपिटमध्ये बसवून पाहावा. बहुतेकदा मांड्या खालून तासाव्या लागतात. उभ्या आकृतीच्या तळव्यात ०.५ मि.मी.ची तार रोवली तर ती जमिनीवर तरंगल्यासारखी दिसत नाही. ब्रिटिश लढाऊ वैमानिकाच्या अंगावर पॅराशूटचे पट्टे नकोत, त्यांना पॅराशूट दिलेच जात नव्हते. भारतीय वैमानिक हरदित सिंग मलिक १९१७ मध्ये ब्रिटिशांच्या २८ स्क्वाड्रन या विमानतुकडीतून कॅमलच उडवत. ते पगडीवर खास मोठे हेल्मेट घालत, त्यामुळे त्यांची आकृती करायची तर किटमधले डोके इपॉक्सी पुट्टीने वाढवावे लागेल.

मांडणीलाही अर्थ हवा. कॅमलला ब्रेक नव्हते. मेकॅनिक नाकावरचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवताना दाखवला तर चाकांपुढे ठोकळे हवेत, कॉकपिटमध्ये वैमानिक हवा आणि शेपटीपाशी धरायला एक माणूस हवा.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात एखाद्या दुपंखी विमानाचा समोरून आणि बाजूने काढलेला रिगिंगचा आराखडा जरूर छापावा, ही विनंती. किटच्या पत्रकात तो बहुधा अपुरा असतो.

आपला,
एक वाचक