पिशव्या मोजल्या, आता त्या पोटांकडं पण बघा

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुराची मुलगी. माझ्या मायची गर्भपिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जायचं म्हणून दाखवायला गेली तर प्रायव्हेट डॉक्टर म्हणले कॅन्सर होईल, मग मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन केलं आणि महिन्याभरात परत फडात, कारण खाडा झाला की पैसे कापतात.

त्यानंतर सात-आठ वर्षं पोट दुखतच होतं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढताना आतून कोणीतरी ओढतंय असं वाटतं म्हणायची. तीनदा सोनोग्राफी केली, तिन्ही नॉर्मल, दरवेळी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. मागच्या सीझनला फडावरच पोट फुगलं, हिरव्या उलट्या, संडास बंद, गॅस पण बंद, आणि आम्ही दोन दिवस ओवा-सोडा देत बसलो, कारण हे कशाचं लक्षण आहे ते कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आतडं जुन्या ऑपरेशनच्या जागेला चिकटून पिळलं होतं. थोडक्यात वाचली.

याला अ‍ॅडहिजन्स म्हणतात. पोटाच्या आत एक पातळ ओलं अस्तर असतं, त्यामुळं आतडी एकमेकांवरून सरकत राहतात. ऑपरेशनमध्ये ते दुखावलं की शरीर तिथं चिकट फायब्रिन टाकतं, काही दिवसांत विरघळलं तर ठीक, नाहीतर त्याचे पक्के पट्टे बनतात आणि आतडं, मूत्राशय जे जवळ असेल ते धरून ठेवतात. पोट उघडून केलेल्या बहुतेक ऑपरेशननंतर हे थोडंफार होतं आणि बऱ्याच जणांना त्रासही होत नाही, पण ज्यांना होतो त्यांच्या रिपोर्टमध्ये सहसा काही दिसत नाही, आणि सोडवायला परत पोट उघडलं तर नवीन पट्टे होऊ शकतात. म्हणून गरज नसताना पोट उघडायचंच नाही हा सगळ्यात मोठा उपाय.

२०१९ ला ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या वेळी बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांचा सर्व्हे झाला, १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. केवढी बातमी झाली तेव्हा. पण साहेब, त्या १३,८६१ जणींना नंतर पोट कसंय म्हणून कोणी विचारलं?

आमचं मागणं छोटंय. पोटाच्या प्रत्येक ऑपरेशननंतर डिस्चार्ज कार्डवर मराठीत लिहा की पोट फुगलं, उलट्या होतायत, संडास-गॅस बंद झालाय तर घरी थांबू नका, अगदी दहा वर्षांनी झालं तरी. आशाताईंना हे शिकवा. कारखान्याला निघायच्या आधी तपासणी करताना जुनं ऑपरेशन झालंय का, वजन उचलताना दुखतं का, एवढं तरी विचारा आणि दुखत असेल तर सर्जनकडं पाठवा, नुसती गोळी देऊन नको.

माय आता गावीच असते. तिच्या जागी यंदा कोयत्यावर वहिनी गेलीय. तिची पण पिशवी काढलेली आहे, मोळी उचलताना तिचंही दुखतं, आणि सोनोग्राफी नॉर्मल आलीय.

आपली,
ऊसतोड मजुराची मुलगी, बीड