तुझा साठचा बल्ब

प्रिय दिन्या,

सुट्टीत तुम्ही सगळे येऊन गेलात त्याला तीन महिने झाले आणि मी एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील तर तुझं बरोबर आहे. आमच्या तब्येती ठीक. आईचा पाय मुरगळला होता, आता बरा आहे. त्या पायामागची गोष्ट मात्र तुलाच सांगायची आहे. दुसऱ्या कुणाला ती नुसती बिलाची कटकट वाटेल.

लागोपाठ दोन बिलं फुगून आली. महिन्याला साठेक युनिट जास्त. घरात नवीन काही घेतलेलं नव्हतं. मग मी काय केलं असेल ते तू ओळखलंच असशील. आईच्या खोलीत संध्याकाळपासून दिवा असतो. ती वाचते, मधेच पुस्तक मांडीवर ठेवून डुलकी काढते. मी दारात उभं राहून म्हणालो, "आई, वाचत नसशील तेव्हा दिवा तरी मालवत जा गं, बिल बघ किती आलंय." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून अंधारात बसायला लागली. मला ते आठवडाभर कळलंही नाही. कळलं ते ती उंबऱ्याला अडखळून पडली तेव्हा. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

त्या रात्री झोप लागेना. उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मीटरपुढे स्टूल टाकून बसलो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, बघितलायस ना? आमच्या मीटरवर छापलंय, 3200 वेळा लुकलुकला की 1 युनिट. एक युनिट म्हणजे 1000 वॅटचं काहीतरी तासभर चालणं. म्हणजे घड्याळ लावून लुकलुक मोजली की त्या क्षणी घर किती वीज ओढतंय ते कळतं. मिनिटाला 32 वेळा लुकलुकला तर 600 वॅट. इतकं सोपं! आणि आपण दोघं विज्ञान शाखेचे.

घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजचा प्लगही काढला. तरी सव्वा मिनिटाला एकदा लुकलुक. ते टीव्हीचा खोका आणि इंटरनेटचं यंत्र, मिळून 15 वॅट. किरकोळ वाटतं, पण दिवसरात्र धरलं तर वर्षाला 131 युनिट होतात. तरी साठाचा हिशेब त्यात बसेना. कंटाळून झोपलो.

दुसऱ्या रात्री पुन्हा बसलो. धाकटा येऊन मांडीवर बसला आणि म्हणाला, "बाबा, मीटर डोळे मिचकावतंय." मी हसतोय तोवर ते खरंच भराभर मिचकावायला लागलं. मिनिटाला 107! दिन्या, म्हणजे 2000 वॅट, आणि घरातलं एकही बटण चालू नाही. चारेक मिनिटं हे चाललं आणि पुन्हा शांत. आदल्या रात्री मी नेमका त्या शांततेत उठून गेलो होतो. मग मीटरजवळच्या पेटीतले एकेक एमसीबी, म्हणजे घराच्या एकेका भागाची वीज तोडणारे खटके, पाडत गेलो, दर वेळी वाट बघत. एक वाजता सापडलं. वरच्या मजल्यावरचा गिझर. बटणातला लाल दिवा कधीचाच गेलेला, त्यामुळे चालू आहे हे दिसायचंच नाही. तो मीच लावला होता, तुझ्या लेकीला पहाटेच्या गाडीआधी गरम पाणी हवं म्हणून. (हे बिल तुझ्या माथी मारत नाहीये, घाबरू नकोस. एकदा मारलं तेवढं पुरे.)

त्यात गरम पाण्याचा नळ ठिबकत होता. खाली 25 लिटरची बादली लावली, चोवीस तासांत काठोकाठ. पंचवीस लिटर पाणी 34 अंशांनी तापवायला साधारण 1 युनिट लागतं, आणि टाकी नुसती दिवसभर गरम ठेवण्यात जवळजवळ आणखी एक. रोजचे दोन. महिन्याचे साठ.

आणि आईचा दिवा? 9 वॅटचा एलईडी, रोज पाच तास. एक युनिट व्हायला तिच्या बावीस संध्याकाळी लागतात. गिझर एका दिवसात तिच्या 44 संध्याकाळी खात होता आणि मी तिला अंधारात बसवलं.

आता तुझ्याकडे येतो. आपण एकत्र राहायचो त्या खोलीवर तू 60 वॅटच्या बल्बखाली रात्री पाच तास वाचायचास. त्यावरून मी घातलेला घोळ आठव. भिंतीवर मी लावलेला हिशेबाचा कागद, "जो जाळेल तो भरेल" म्हणून तुझ्यावर बिलाचे दोन वाटे आणि माझ्यावर एक, मग आपला आठवडाभराचा अबोला आणि मधूची मध्यस्थी. काल कागद घेऊन बसलो. तुझा बल्ब महिन्याला 9 युनिट. माझी पाणी तापवायची 1500 वॅटची कॉइल, रोज अर्धा तास, महिन्याला साडेबावीस! तू तर बारा महिने थंड पाण्याने आंघोळ करायचास. उजेड दिसतो म्हणून त्याच्यावर बोट ठेवलं. बादलीतली ऊब कुणाला दिसत नाही. तू तेव्हा म्हणालाही होतास, "कॉइलवर लिहिलेला आकडा तरी वाच." मी वाचला नाही.

तुझे जादा गेलेले पैसे काढून ठेवलेत, वर्षभराचे. पाठवतोय, वाद घालू नकोस.

बाकी केलं ते थोडकं. नळाचं वायसर बदललं. गिझर आता आंघोळीआधी लावायचा आणि लगेच बंद करायचा. फ्रिजच्या दाराचं रबर तपासलं, कागद धरून दार लावलं तर तो सहज निसटत होता, म्हणून नवीन रबर बसवलं. पंखे मात्र जुने 75 वॅटचे आहेत. नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे, 30 च्या आसपास वॅटमध्ये तेवढंच वारं देतात, तेव्हा दिवसरात्र फिरतो तो आईच्या खोलीतला आधी बदलणार आहे. तू नव्या घरात जातोयस तर गिझर बसवायच्या आधी एकदा मला फोन कर, आणि पहिल्याच दिवशी मीटरचा आकडा लिहून ठेव. लेकीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार. तुझ्या बदलीचं मी काही विचारलंच नाही, पुढच्या पत्रात सविस्तर लिही.

आईची माफी मागितली. ती म्हणाली, "अरे, मला वाटलं खरंच माझ्यामुळेच." हे ऐकल्यापासून मन ठिकाणावर नाही. काल संध्याकाळी तिचा दिवा मीच लावला आणि पुस्तक हातात दिलं. पण मी बाहेर गेल्यावर तिने तो पुन्हा मालवला. आज परत लावणार आहे. तुझं ती ऐकते. एकदा तिला फोन कर ना.

तुझा,
श्री